शालीचा चौथा कोपरा

—जड आहे ती कडी, सगळ्यांनाच तिचा हिसका बसतो. बघू बोट, रक्त नाही ना आलं? बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लबाड आहे, इकडे बसा. तुम्हाला वाटलं असेल पत्ता चुकला — घरात माणसं आणि कडी बाहेरून — पण शेजारच्या टेलरमावशींनी सांगितलं ना, काढा आणि जा आत म्हणून? त्याच लावतात. सकाळी दूध हातात देतात, कडी लावतात आणि मशीनवर बसतात, ते संध्याकाळी सातला उघडायला येतात. आतून लावून उपयोगच नव्हता हो. यांचा जन्म गेला टेलिफोनच्या खांबांवर, लाइनमन होते, हातात अशी कला की कुठलंही कुलूप, साखळी, खिटी, दोन मिनिटांत उघडून मोकळे. डोक्यातून सगळं गेलं — माझं नाव गेलं, पोरीचं गेलं — पण कुलूप उघडायचं काही जाईना. एकदा भर दुपारी निघाले ते तीन चौक ओलांडून एका खांबाखाली जाऊन उभे, वर बघत. कुणीतरी विचारलं, आजोबा, काय करताय, तर म्हणाले शिडी येतेय. तेव्हापासून बाहेरून कडी. मी? मीही आतच की. मी बाहेर राहिले तर आत कोण बघणार यांना?

हळू बोला असं काही नाही, झोपलेत ते. तर तुम्ही प्रदर्शनाचं सांगत होता. मेसेज वाचला होता मी, तीनदा वाचला, भाजी करपली माझी. वाचनालयाचा हॉल, प्रत्येकीला एक टेबल, आणि मला दोन — दोन टेबलं, शेवाळीताईंना. नाव तुम्हीच ठेवलंत ना हे? तुम्हीच. सारखी एकाच रंगाची लोकर म्हणून. मला आवडलं हो, रागावले नाही. खऱ्या नावाने हाक मारणारं तसंही कोण उरलंय. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण दिवसात मी आपल्या त्या विणकामाच्या गटावर जेवढं बोलते तेवढं या घरात महिन्यात बोलत नाही. फोटो टाकला की लागलीच टिंग, टिंग. जाळी कशी घातलीत, वेणीला किती टाके, गळा इतका सुबक कसा बसला. त्या बॉर्डरबाई — कधी कुणाला चांगलं म्हणतील तर शपथ, नुसत्या काठाला नावं ठेवतात — त्यांनीसुद्धा मला एकदा अंगठा दाखवला. आणि ते मोजेवाले काका, कायम एकाच मोज्याचा फोटो टाकतात, दुसऱ्याचा पत्ता नाही. मी एकटीच हसते इथे. विणकामाची आवड लहानपणापासून, पण कौतुक साठीत आलं वाट्याला. आता म्हणा, वासरांत लंगडी गाय शहाणी.

सत्तावीस. बरोबर, सत्तावीसच. दोन स्वेटर, कानटोप्या, त्या तीन बंड्या, मफलर, उशीचे अभ्रे, बाळाचं ते — हो, लोकांचं बाळ — आणि कालची ही शाल. पेटी घेऊन आलात? केवढी मोठी. रिक्षाने आणलीत? अरे देवा. मला फोन तरी करायचा. नाही, म्हणजे मी उचलला नसता, तेही खरं. चहा टाकते. नको? बरं.

काय?

कोपरा म्हणजे? कसला कोपरा — थांबा, दाखवा तुमचा फोन. हं. हं, दिसतंय. आणि यातही. बॉर्डरबाईंच्याच लक्षात आलं असणार. प्रत्येक फोटोत एक कोपरा बाहेर. माझा फोन जुना आहे हो, सगळं मावत नाही त्यात. कानटोपीला कुठे असतो कोपरा — असं म्हणणार होते मी, पण तिथेही शेंडा कापलाय, नाही का. नजर आहे बाईंची. चांगल्या शाळामास्तरीण झाल्या असत्या. होत्या? वाटलंच.

सांगते. पण गटावर नका टाकू. तुम्हीच ताडलं असेल, पेटी उघडीच ठेवून बसलात आणि मी कपाटाकडे काही जात नाही. कपाटात नाहीये काही. सत्तावीस वस्तू नाहीत, एकच आहे. एकच लोकर. पहिल्या स्वेटरची जी आणली होती, शेवाळी, ती. त्या स्वेटरची टोपी झाली आणि मफलर झाला, मफलरची बंडी झाली, बंडीची — येरे माझ्या मागल्या. फोटो खोटा नाही एकही, हे लक्षात घ्या. प्रत्येक वस्तू मी विणली. फक्त ती राहिली नाही.

कशी काय म्हणजे — यांना चारला सुटायचं असायचं. नोकरीत चारला पाळी संपायची, ते अंगात बसलेलं. चार वाजले की उठायचे, दाराशी जायचे, कडी बाहेरून, मग दारावर धडका. सात वाजेपर्यंत धडका. मावशी मशीन थांबवून भिंतीपलीकडून विचारायच्या, काय वहिनी, उघडू का? एक दिवस मी स्वेटरची शेवटची बाही करत होते, यांच्यासाठीच होता तो, आणि यांनी त्याचं लोंबतं टोक धरलं. ओढलं. बघितलं, आलं. आणखी ओढलं. आणि मग काय सांगू, अंगठा ते कोपर, अंगठा ते कोपर, तार गुंडाळतात तसं गुंडाळायला लागले, एका तालात, चेहरा असा शांत की ड्यूटीवर आहेत जसे. दोन महिन्यांचं काम माझं. ढसाढसा रडले मी. पण त्या दिवशी दारावर एक धडक नाही बसली. दुसऱ्या दिवशी मी बाजारची नवी लोकर दिली हातात, म्हटलं ही गुंडाळा, तर भिरकावली. आयतं नको होतं माणसाला, काम पाहिजे होतं. मग आमची रीतच बसली — विणलेलं यांच्या मांडीवर, सुया माझ्या हातात, आणि मध्ये तो एक धागा. ते उसवायचे, मी विणायची. त्यांचा स्वेटर लहान होत जायचा आणि माझी टोपी मोठी. ती लाट नाही का माझ्या विणीत? तुम्ही सगळ्या विचारत होता कशी आणता, बॉर्डरबाईंनी तर तिला शेवाळी वीण म्हणून नाव दिलं, तिघीजणींनी पाच-पाच टाके सोडून करून बघितली आणि जमली नाही म्हणून खंत करत होत्या. कशी जमेल. उसवलेली लोकर कुरळी असते, तशीच विणली की लाट येते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. सांगणार होते मी तेव्हाच. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं.

आणि कोपरा म्हणाल तर तिथे पिन आहे. ही बघा, हीच शाल, हात लावून बघा — छान झाली आहे ना? झालीच आहे. तीन कोपरे असे, आणि हा चौथा. शेवटचा टाका मी बंदच करत नाही. पिनेत अडकवून ठेवते आणि धाग्याचं टोक तसंच लोंबतं. टोक एकदा टाक्यातून ओढून घेतलं, सुईने आत लपवलं, की शाल झाली, मग ती उसवत नाही सरळ. म्हणून फोटोत पिन येऊ द्यायची नाही. उद्या माणूस काय म्हणेल, इतकं सुंदर विणते आणि टाके बंद करता येत नाहीत. आता आज चारला ही उसवायला घेईन मी, अठ्ठाविसावं काय करायचं ते अजून — घेतील. उसवायला घेतील ते, असं म्हणत होते.

पाणी हवंय? मी आणते. अहो तुम्ही कशाला — बरं, सरळ जा, डावीकडे माठ आहे. उजवीकडे नका बघू, खोली आवरलेली नाही.

बराच वेळ लागला पाणी प्यायला.

बघितलंत. नाही, असू द्या, बघितलंत ते. हात बघितलेत ना? मुठी. उघडतच नाहीत आता. डॉक्टर म्हणतात, मऊ काही धरायला द्या, नाहीतर नखं रुततात, म्हणून ते दोन लोकरीचे गोळे. सात महिने झाले. उठत नाहीत, धडक नाही, काही नाही. खांब नाही, शिडी नाही. पहिल्या दिवशी मी धागा मुठीतून घातला यांच्या आणि मीच ओढला, म्हटलं हातातून सरकलेला तरी कळेल. डोळे हलले होते तेव्हा. शपथेवर सांगते, धाग्यामागे डोळे हलले होते. नंतर तेही थांबलं. आता शाल छातीवर ठेवते यांच्या आणि विणायला बसते, मी विणत जाते तशी ती आपली उसवत जाते. बारीक आवाज येतो, टर्र, टर्र, एकेका टाक्याचा. चार ते सात. या घरात तेवढाच एक आवाज आहे.

मीच उसवते. हो. झालं तुमचं समाधान?

माफ करा. तुमच्यावर कशाला ओरडते मी. तुम्ही पेटी घेऊन आलात बिचाऱ्या. कुणी विचारलंच नव्हतं हो इतके दिवस. आणि मावशींना नाही सांगितलेलं मी. त्या दारातूनच जातात, त्यांना वाटतं गोळी लागू पडली, धडका थांबल्या. कडी लावतात बिचाऱ्या अजून, न चुकता. मीही लावू देते. का म्हणजे — काय सांगू का. कडी असली की मी अडकलेली असते. कडी काढली तर मग मी कशात अडकले, ते मला सांगावं लागेल ना कुणालातरी? जाता येत असून बाई गेली कशी नाही कुठे, सात महिने? पोरगी फोनवर म्हणते, आई, बाहेर पड जरा. तिला म्हणते, बाहेरून कडी आहे गं. फोन ठेवते ती. आणि खरं सांगू का, विणण्यापेक्षा मला हल्ली उसवायलाच बरं वाटतं. ऐकायला वाईट वाटतं ना? मलाही वाटलं होतं. शाल पुरी केली तर ती घडी घालून कपाटात जाईल, आणि उद्या चार वाजता मी काय करू? यांच्याकडे बघत बसू? मला भीती वाटते तशी बसायची.

नवी लोकर? गटावरही सगळ्या तेच म्हणतात. आहे की, लाल, पोरीने पाठवलेली, कागदसुद्धा काढला नाही मी. ती विणली तर यांचं काही नसेल तिच्यात.

नाही, ऐकते आहे. म्हणजे एवढी एकच घेऊन जायची, दोन टेबलांवर मिळून एक शाल. आणि मी यायचं. तासभर. मावशी बसतील यांच्याजवळ — बसतील हो, त्या कधी नाही म्हणाल्या नाहीत, मी विचारलंच नाही कधी. कोणकोण येणार? बॉर्डरबाई येणार. मोजेवाले काका, दोन्ही मोजे घेऊन? बघायला हवेत एकदा. साडी कुठली नेसावी असा विचार आला बघा मनात, इतकी मी निर्लज्ज. ती मोठ्या नाकाची सुई तुमची? पर्समध्ये ठेवता? मीही ठेवायची. एकच तर टाका आहे. टोक आत घ्यायचं, ओढायचं, चार टाक्यांतून आतून फिरवायचं. तुम्ही धरा कोपरा. धरा नीट. मी पिन काढते. सत्तावीस वेळा इथवर आलेय मी, पुढे एकदाही नाही. तुम्ही काढा. हां, हळू. टाका निसटेल. निसटला तर दोन ओळी जातील, तशा गेल्या तरी काय म्हणा —

किती वाजले ते? टोले पडले ना मावशींकडचे? चार का?

नका. पिनेला हात लावू नका. लावा ती परत. लावा म्हणते ना. द्या इकडे शाल, चुरगळतेय ती. नाही, तुमचं काही चुकलं नाही. बॉर्डरबाईंना सांगा, शेवाळीताईंची तब्येत बरी नव्हती. माझ्या टेबलांवर काकांचे मोजे मांडा. पेटी न्या, आणि सुई राहिली तुमची, हातात राहिली माझ्या, ही घ्या. या तुम्ही. खरंच या आता, यांची वेळ झाली.

आणि अहो — जाताना कडी लावा बाहेरून. माहीत आहे मला, ते उठत नाहीत. लावा तरी. अशी नाही बसत ती, दार जरा ओढून घ्या आणि मग हिसका द्या. आणखी. हां.

बसली.