उलटं फिरू नये म्हणून

"हॅलो? …हाव, बोल समता. मशीन पोचली नं? …सकाळीच? मंग फोन काऊन नाई केला? मी इथं सकाळपासून आतबाहेर करून राह्यलो."

खामगावात जिनिंगच्या रस्त्याला मोतीरामचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. आसपासच्या निम्म्या विहिरींच्या मोटरी त्याच्या हाताखालून गेलेल्या, पण समुद्र त्यानं पाहिला तो फक्त मोबाइलवर. त्याची पोरगी मात्र इंजिनेर होऊन थेट कोकणात गेली आणि लाटांपासून वीज काढायच्या नादाला लागली. पहिल्या यंत्राचा जनरेटर माझ्या बाबांच्याच हातचा पाहिजे, असा हट्ट तिनंच तिकडे आपल्या वरिष्ठ मॅडमकडे धरला होता. मोतीरामनं पंधरा दिवस खपून तो बांधला आणि ट्रान्सपोर्टनं रवाना केला. आज चार वाजता पाहणीला मंडळी येणार होती. लाटेच्या विजेवर धक्क्यावरचा दिवा लागला तर काम पुढं चालणार, नाही तर यंत्राबरोबर समताचाही गाशा गुंडाळला जाणार.

"दिवा लागला का, ते सांग आधी… लागला? …एकच डाव? म्हंजे? …अवं हळू बोल, वारा घुमून राह्यला फोनमधे."

मोतीराम स्टुलावरून उठला, पुन्हा बसला आणि पुन्हा उठला.

"जळका वास येते का? …नाई नं? बॉडीले हात लाव… थंड हाय? मंग वाइंडिंग गेलं नाई. मायं वाइंडिंग जात नसते, हे लिहून ठेव." त्याच्या जिवात जीव आला. "बसा, महादेवराव, बसा. तुमचीच मोटर खोलून ठेवली… नाई बेटा, तुले नाई म्हटलं. गिऱ्हाईक आलं. तू सांग. लाट आली, तरंगतं पिंप वर गेलं, त्यानं दांडा फिरला, दिवा लागला. बरोबर. मंग लाट खाली गेली… अन्?"

तो दाराशी जाऊन थांबला.

"अडकलं? …पिंप वरच लटकून राह्यलं? …दांडा उलटा फिरतच नाई?"

समोर टेबलावर महादेवरावांची मोटर मागचं झाकण काढून पडली होती आणि शेजारी डब्यात पोलादी पिना. मोतीराम त्या डब्याकडे पाहतच राहिला. लाइट गेली की पाइपातलं पाणी माघारी विहिरीत येतं आणि मोटरीला उलटी फिरवतं. म्हणून झाकण लावण्याआधी तो प्रत्येक मोटरीत दांडा उलटा फिरू न देणारी एक पिन टाकायचा. तीस वर्षांत हाताला सांगावं लागलं नव्हतं. समतानं पाठवलेल्या ड्रॉइंगमध्ये पिन नव्हती. जनरेटरात ती होती. त्याला आता चांगलं आठवलं, कोणत्या डब्यातून घेतली तेसुद्धा. आणि मशीन त्यानं हातानं फिरवून पाहिली होती ती एकाच बाजूला, मोटरीसारखी.

"ट्रान्सपोर्टवाल्यानं आपटली असन," तो म्हणाला. "हाव, तेच असन… ते लोक कुठी जपून नेतात…"

बोलला खरा, पण नजर त्या डब्यावरून हटेना.

"काय म्हटलं? …तुयं वजन कमी पडलं? कोन्तं वजन? …पिंप खाली ओढाचं. बरं. …अवं पण तुया हिशेब कायले चुकीन? …लेखी? कोणाले लेखी देऊन राह्यली? …मॅडमले? 'माया हिशेब चुकला' म्हणून?"

पोरगी चार वर्षं त्या हिशेबावर रात्रंदिवस बसली होती, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत. त्याला स्वतःची लाज वाटली.

"सही करू नको… समता, ऐक नं. सही करू नको म्हणतो. मॅडम बाजूले हायेत? …त्याइले फोन दे… दे म्हटलं नं."

महादेवराव कान टवकारून बसले होते. गिऱ्हाइकासमोर मेकॅनिकनं चूक कबूल करणं म्हणजे दुकानाच्या पाटीवर आपल्याच हातानं काळं फासणं. मोतीरामनं त्यांच्याकडे पाठ फिरवली, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा तोंड केलं.

"नमस्कार मॅडम. मी मोतीराम, समताचा बाप. …पोरीचा हिशेब बरोबर हाय. चूक माई हाय. मागच्या झाकणात मी एक पिन टाकली, ड्रॉइंगमधे नोती. तिले सांगतलंबी नाई. …काऊन म्हंजे… मॅडम, आमच्याकडे पाणी एकदा वर आलं का त्याले खाली जाऊ द्याचं नसते. मी जिंदगीभर तेवढंच केलं. तुमचं पाणी वर येते अन् जाते, हे मले मालूम होतं. हाताले मालूम नोतं… हाव. हाव. देजा तिले."

त्यानं घाम पुसला.

"समता? …हसून राह्यली का रडून राह्यली? …बरं, काय बोलाचं ते बाबाले संध्याकाळी बोल. आता पाना घे. चार बोल्ट खोल… पिन दिसली? पकडीनं सरळ ओढ. …निघाली? झाकणाचं रबर सरळ बसव, खारं पाणी आत जाईन. …आता हातानं फिरव. इकडं… आता उलटं. …फिरलं? मंग लाव पिंप."

घड्याळात पावणेचार झाले होते. मोतीराम दारापासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून दारापर्यंत चकरा मारत होता. महादेवरावही उठून उभे राहिले होते.

"आली लाट? …लहान हाय? येऊ दे मोठी… आली? …लागला. वर जाताना तर मंघाबी लागला होता बेटा, ते नको सांगू. आता खाली जाऊ दे… समता? …समता, बोल नं… खाली जाऊन राह्यली नं लाट? …अन् दिवा?"

तो जागच्या जागी थांबला.

"अजून लागूनच हाय?"

मग हळूच स्टुलावर टेकला.

"पाहणीवाल्याइच्या गाड्या आल्या? …मंग जाय. मायं काय घेऊन बसली, जाय… हाव, जेवतो. ठेव."

फोन तिकडून बंद झाला, तरी त्यानं तो कानाचा काढला नाही. मग महादेवरावांची मोटर पुढं ओढली आणि डब्यात हात घातला.

"हाव, महादेवराव, तुमच्या मोटरीत टाकतो. तुमचं पाणी वापस गेलं तर कोण आणून देईन?"