कोरीट शिवारातील मिरचीच्या पथारीवर बॅटरी चार्जिंगला लावल्याबाबत

मी हेमकांत सुपडू पाटील, वय ५३ वर्षे, व्यवसाय शेती व एका साप्ताहिकाचा वार्ताहर, रा. कळसाडी, ता. शहादा, जि. नंदुरबार. पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, कोणी न बोलावता, सांगतो की,

माझी तक्रार चार्जरची आहे. आज दुपारी सव्वा वाजण्याच्या सुमारास माझ्या विजेवरच्या सायकलीची बॅटरी जेमतेम दोन कांड्या भरली असता, मिरचीचे व्यापारी रूपचंदशेठ यांनी प्लग उपटला व चार्जर, काळ्या रंगाचा, एक नग, स्वतःच्या जीपमध्ये टाकला. अर्धवट चार्ज झालेल्या बॅटरीची अवस्था त्रिशंकूसारखी असते, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले नाही.

पार्श्वभूमी अशी. मी व पत्नी सौ. मंगला पाच दिवसांपासून आमच्या मोटारहोममधून फिरत आहोत. ही मूळची रुग्णवाहिका. आत ओटा, फ्रीज व दोन बाकडी बसवून घेतली आहेत. मी तिला चलद्गृह म्हणतो, पत्नी डबा म्हणते. मागे दोन सायकली बांधलेल्या आहेत. (त्यांना लायसन्स लागते काय, असे हवालदार साहेबांनी विचारले. लागत नाही. त्यांनी पुन्हा विचारले. लागत नाही.) सायकलींच्या बॅटऱ्या गाडीतल्या इन्व्हर्टरला लावल्या की तो शिट्टी मारून बंद पडतो. फ्रीज आधी, सायकल नंतर, असा पत्नीचा दंडक आहे. त्यामुळे या प्रवासात डोंगर किती पाहिले हे मला सांगता येणार नाही, प्लग किती पाहिले ते सांगता येईल. मोलगीच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या टपरीमागे प्लग मिळाला. तिथे वायर ओलांडणाऱ्या प्रत्येकाला, पाय अडकू नये म्हणून, मी दोन तास हात जोडून सावध करत उभा होतो. मंगला म्हणाली, "देवदर्शनले आले का चार्जिंगले?"

आज सकाळी अकराच्या सुमारास कोरीट शिवारात रूपचंदशेठ यांच्या पथारीजवळ थांबलो. पथारी म्हणजे ओली मिरची वाळत घालण्याचे उघडे मैदान. तिथे राखणीला सुसाना नावाची बाई होती, वय अंदाजे चाळीस, नवापूरकडच्या डोंगरातली, हंगामापुरती आलेली. बाकीच्या बाया गावात जेवायला गेल्या होत्या. मी प्लग विचारला. ती म्हणाली, "शेठ नाय. पण लावा, भाऊ. मोटरीच्या खोलीत आहे." पिण्याचे पाणी दिले, बसायला खाट ओढून दिली.

खोलीतला प्लग बंद होता. शेजारच्या बटणाला लाल फडके घट्ट बांधलेले होते. ते प्लगचेच बटण असावे असे मला वाटले. दसरा होऊन थोडेच दिवस झाले आहेत. आपल्याकडे मोटरीलाही हळदकुंकू लावतात. तेव्हा फडके पूजेतले आहे असे मी धरून चाललो. मी गाठ सोडू लागताच सुसाना दारातून म्हणाली, "भाऊ, ते राहू द्या." मी तिला म्हणालो, "बाई, निर्माल्य वेळेवर काढावं. देवता जाते आणि नुसती चिंधी उरते." पुढे दोन वाक्ये संस्कृतातही म्हणालो. ती दारातून मागे सरली. मी बटण वर केले.

ते बटण ऑटोचे होते. लाइन आली की मोटर आपोआप सुरू होते. मिरची पथारीवर असेपर्यंत कोणी ते लावू नये म्हणून पथारीवाले त्याला लाल फडके बांधतात. हे मला आज दुपारी कळले. फडके माझ्या खिशात होते, ते हजर करत आहे.

साडेबाराला लाइन आली, प्लग सुरू झाला, बॅटरी भरू लागली. मोटरीचा आवाज मी ऐकला, शेजारच्या शेतातला समजलो. गाडीत खिचडी खाल्ली. पाइपाचे तोंड पथारीच्या वरच्या बांधावर होते. सव्वाला शेठ आले तेव्हा मिरची पाण्यावर तरंगत होती.

मोटर बंद करून, माझा चार्जर जीपमध्ये टाकून त्यांनी विचारले, "पानी कोन्ही सोडं?" सुसानाने माझ्याकडे पाहिले. मी जोडवायर गुंडाळत होतो. शेठ तिला म्हणाले, "आठे तूच व्हती ना वं?" ती म्हणाली, "माहीत नाय." मंगलाने माझी बाही ओढली, "आते तरी बोला ना." मी बोललो. चार्जर परत द्या, असे बोललो.

शेठ सुसानाला जीपमध्ये बसवून इकडे तक्रार द्यायला निघाले. मी चार्जरची तक्रार द्यायची असे पत्नीला सांगून मागोमाग आलो. वाटेत मंगला मागच्या बाकड्यावर जाऊन बसली.

चार्जरबाबत माझी काही तक्रार नाही. तो शेठनी ठेवावा. बटण मी लावले. सुसानाने मला अडवले होते.

मला काळजी वेगळीच आहे. तिने माझे नाव घेतले नाही, याचे कारण मला कळत नाही. घेतले असते तर कोणी खरे मानले नसते, हे तिला ठाऊक असावे. मलाही ते तेव्हा ठाऊक होते, म्हणूनच मी गप्प राहू शकलो. आता हा जबाब झाला तरी, पाणी सोडणारी बाई म्हणून ती सगळ्या पथारींवर माहीत झाली असेल, आणि या हंगामात तिला कोणी उभे करणार नाही, अशी मला भीती वाटते.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. सुसाना बाहेर बाकावर बसली आहे, शेठही तिथेच आहेत. दोघांसमोर तो पुन्हा एकदा, याच आवाजात वाचावा, मग मी सही करतो.