निर्दोष विमान

(महाविद्यालयाची प्रयोगशाळा. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापिका राजेश्री, त्यांचे सहकारी हरिओम आणि मेंढपाळ येडबांची बायको केवळाबाई.)

राजेश्री : "विमान तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होते. रिमोटशी संपर्क तुटल्यास त्याची मोटर आपोआप बंद होते. मेंढपाळ येडबा याने काठी मारल्यामुळेच अपघात घडला." चौकशी समितीचा हा निष्कर्ष. समितीत मीही आहे, म्हणून खाली माझी सही हवी आहे. हरिओम, विमान तुम्ही बांधलंत. ही वाक्यं कोणी बांधली?

हरिओम : समितीनं, मॅडम. मी फक्त माहिती दिली.

राजेश्री : माहिती इतकी शिस्तीत क्वचितच येते. येडबांचा उल्लेख एकेरीत, आणि फोमच्या त्या वस्तूला मात्र चारित्र्याचा दाखला. केवळाबाई, तुमच्या मालकांनी काठी मारली?

केवळाबाई : मारली न्हाई, बाई, उगारली. येलदरी धरणाच्या पाण्याकडंला मेंढरं चरायलती, संगं नवी कोकरं व्हती. घार आली की आमी कोकरावर घोंगडी टाकतो अन् काठी उगारतो. घार वळती. त्यायला वाटलं, हे बी वळंल.

हरिओम : तेच म्हणतोय मी, मावशी. ते वाटेत उभे राहिले. बाजूला पळाले असते तर—

केवळाबाई : कोकरं टाकून?

राजेश्री : मग काय झालं?

केवळाबाई : तोंडावरच आलं. डोळा गेला. खाली घोंगडीत गुतलं तरी पंखा गरगरायलाच व्हता. मी दगड उचलला, तवर हे सर पळत आले. वायर उपसली. विमान उचलून बाजूला ठिवलं. मंग त्यायच्याकडं बघितलं.

राजेश्री : म्हणजे जमिनीवर पडल्यावरही मोटर फिरत होती. आपोआप बंद होणारी, निर्दोष मोटर.

हरिओम : संपर्क तुटला नसेल, मॅडम.

राजेश्री : मग विमान तुमच्या ताब्यात होतं, आणि तुम्ही ते माणसाच्या तोंडावर नेलंत. तसं लिहू?

हरिओम : नाही. तुटला होता.

राजेश्री : तर मोटर का थांबली नाही? घाई नाही. प्रश्न एकच आहे.

हरिओम : तुम्हाला माहीतच आहे, धरणाच्या काठावरच्या स्नेहसंमेलनाला विमानातून चित्रण हवं होतं. कॅमेऱ्याचं वजन वाढलं, म्हणून मोठी बॅटरी आणि मोठा पंखा बसवला. तालमीच्या दिवशी संपर्क तुटला, मोटर थांबली अन् ते सगळ्यांसमोर पाण्यात पडलं. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब म्हणाले, पाहुण्यांपुढं असं चालणार नाही.

राजेश्री : मोटर थांबली, म्हणजे यंत्रानं आपलं काम चोख केलं. त्या दिवशी तिथे तेवढं एकच शहाणं होतं. त्याचं तुम्ही काय केलंत?

हरिओम : मॅडम, माझी नोकरी अजून कायम झालेली नाही.

केवळाबाई : सर, हा कागद पोलिसात गेला की केस त्यायच्यावरच व्हईल, म्हणत्यात. विमान मोडलं म्हणून. दुसऱ्या डोळ्यानं आधीच अंधुक दिसायचं त्यायला. आता हात फिरवून मेंढरं वळखायलेत. त्यायनं काय चोरी केली काय?

हरिओम : नाही, मावशी.

राजेश्री : हे नुसतं तोंडी नको, कागदावर सांगा. तुमच्याच शब्दांत उतरवते. एकही शब्द सुधारणार नाही, आणि तुम्हालाही बदलू देणार नाही.

हरिओम : लिहा.

राजेश्री : बोला, सावकाश... हं... पुढे?... एवढंच?

हरिओम : एवढंच.

केवळाबाई : मला वाचता येत न्हाई, बाई. काय म्हन्ले ते जसंच्या तसं सांगा.

राजेश्री : ऐका. "तालमीत विमान पडलं तेव्हा सगळे हसले. म्हणून संपर्क तुटला तरी मोटर चालू राहील, असा बदल मीच केला. त्यात धोका आहे, हे मला ठाऊक होतं. त्यामुळं पाहुणे बसले होते तिकडून विमान नेलं नाही. मेंढरांच्या बाजूनं नेलं. त्या बाजूला कुणी नव्हतं."