परशादादाच्या पाळीला मोरू

टाळ जरा मांडीवर ठेवा, मंडळी, आणि मला एक सांगा. मी मीच आहे, हे मला पक्कं ठाऊक. मग ते पटवून द्यायला मी पैसे का भरायचे? — पुढच्या रांगेतली पोरं हसली बघा! हसा, हसा. शेवटी उत्तर तुम्हालाच विचारणार आहे!

तर ऐका. किनाऱ्यावरच्या एका गावात परशुराम वासावे नावाचा खलाशी होता. सगळे त्याला परशादादा म्हणत. तीस वर्षं जाळी ओढली, आता गुडघे कुरकुरायला लागले. अशात बंदरातल्या टगवर नोकरी चालून आली. टग म्हणजे काय रे बाळांनो? मोठ्या जहाजाला ओढून धक्क्याला लावणारी छोटी बोट! एक तारखेला हजर व्हायचं. पण बंदराच्या फाटकातून आत जायला सुरक्षेचं ओळखपत्र हवं. ते नाही मिळालं, तर नोकरी दुसऱ्याला आणि दादा पुन्हा जाळ्यावर!

दादाने अर्ज केला, फी भरली. गुरुवारी बोटांचे ठसे द्यायला बोलावणं आलं. आणि नेमका गुरुवारीच बांगडा लागला! आता मासळी सोडून कोण जातो? दादा धाकट्या भावाला म्हणाला, "मोरू, माझ्या पाळीला तू जा."

यात नवल नाही हो! बोटीवर रीतच तशी. एक आजारी पडला, की भाऊ त्याच्या पाळीला उभा. मोरू इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि ऐटीत दहाही बोटं टेकवून आला!

चार दिवसांनी निरोप — अर्ज नामंजूर. फी परत नाही. पुन्हा भरा!

दादा तणतणत कचेरीत. खिडकीमागे रेवतीताई.

"बाई, कार्ड दिलं नाहीत, तर फी कसली घेतलीत?"

"काका, फी कार्डाच्या तुकड्याची नसते. तपासायची असते. ठसे आधारशी जुळवून माणूस तोच आहे का, त्याच्यावर काही गुन्हा आहे का, ते आम्ही बघतो. तुमचंही बघितलं."

"मग? काय दिसलं?"

"तुम्ही नाही, असं दिसलं!"

दादाने मोरूला पाठवल्याचं कबूल केलं आणि दुसऱ्यांदा फी भरली. यंत्रावर बोटं ठेवली. तर यंत्र ढिम्म! दोर ओढून ओढून बोटांच्या रेघाच झिजलेल्या. ताईंनी कोमट पाणी आणलं, बोटं पुसली, पुन्हा ठेवली. पुन्हा नाही. मागे रांग कुरकुरते आहे, ताई मात्र एकेक बोट धरून बसल्या आहेत! अकराव्या खेपेला यंत्राने ठसे घेतले.

दादा हळूच म्हणाला, "ताई, एवढं केलंत… याचे जादा किती?"

"काही नाही. त्याच फीमध्ये आलं. फक्त आता कार्ड घ्यायला मोरूला पाठवू नका!"

एक तारखेला दादा फाटकातून आत गेला.

बाळांनो, फी कशाची? — "बघायची!" शाबास!

आता मोठ्यांकडे वळतो. देवापुढे नारळ ठेवला, की लगेच तुमचा हात पुढे — माझं काम कुठे आहे? अहो, आधी तो तुम्हाला बघेल की नाही? आणि बघायला तुम्ही समोर नको? इथे आयाबाया आल्यात, पोरं आलीत; बापे किती, मोजा! बाकीच्यांनी घरून सांगून पाठवलंय ना, "माझ्याही वाटचं कीर्तन ऐकून ये"? जाऊन सांगा त्यांना — बुवांनी पाहिलं, देवानेही पाहिलं. दोघांनाही तुम्ही दिसला नाहीत!