पंखात राहिलेली कमची

आमचं गाव चामोर्शी तालुक्यात. आमी ढिवर, तलावावर मासे मारून जगणारे. उन्हाळ्यात तलाव आटला का घरात मासोळी नाई, वावर तं नव्हतंच, मंग माय कण्या शिजवे, आंबाडीसंगं खायच्या, नि म्हणे पोट भरलं ना, आता झोपा. शाळेत मी बसली का मागची पोरगी नाक धरे, म्हणे आली मासोळी. काय सांगू तुमाले, मी दप्तराले कडुनिंबाचा पाला चोळत होती. तरी बाबांनं शिकवलं. घरातली मी पयली बी.एस्सी., हे कोनालेबी ताठ मानेनं सांगते. पन बाप काय करते, हे मातर सांगत नव्हती.

चंद्रपूरच्या भायेर धावपट्टी आहे, तिथच्या एका शेडमधी मले काम लागलं. विमान जुनं, महायुद्धाच्या टायमाचं, तवा त्याच्यावर नवे पायलट शिकत होते म्हणे. एकावर एक दोन पंख, आत लाकूड नि वरून कापड. हो, कापडच. लोकाइले खोटं वाटते. लाकडाच्या फासळ्याइवर कापड ताणायचं, मेण लावलेल्या दोऱ्यानं टाका टाका करून बांधायचं, हरेक टाक्याले गाठ, मंग डोप नावाचं रोगण मारायचं का कापड ढोलकीवानी ताठ होते. टाके ढिले पडले तं वारा कापड फाडून नेते, नि आत मानूस बसला असते.

गाठी मले येतच होत्या. बाबा जाळं विणते तं बांबूची एक कमची लावते, बोटभर रुंद, म्हंजे जाळ्याचं हरेक घर सारखं येते. त्यातलीच एक कमची मी डब्याच्या पिशवीत लपवून आणे, नि कोनी पाहून नाई राह्यलं का टाक्याचं अंतर तिनंच धरे. थॉमससर आमचे मुख्य, फौजेतून रिटायर झालेले. एकडाव माये टाके पाहून म्हणे, वनिता, हा हात कुठं शिकलीस? मी म्हटलं, शिवण क्लासमधी सर. त्याइनं सगळ्याइले बोलावून दाखवलं, असा टाका पाहिजे म्हणे.

शेडमधी एक नियम पक्का. संध्याकाळी हरेक अवजार मोजून फळ्यावर टांगायचं, एक पाना कमी असला तं विमान हालत नाई, कारन आत राह्यलेली चीज उडताना कुठी जाऊन अडकंल याचा नेम नसते. माई कमची फळ्यावर नव्हतीच.

आता आमच्यात रीत अशी का जाळं अर्धं ठेवून उठायचं असलं तं कमची शेवटच्या घरातच खोचून ठेवायची, दुसऱ्या दिवशी तिथूनच हात चालते. त्या शनिवारी उजव्या पंखाचे चार टाके राह्यले, सुट्टी झाली, नि मी कापडाच्या फटीतून कमची आत खोचून घरी गेली. डोक्यानं काई केलंच नाई, हातानं केलं. सोमवारी आली तं पंख बंद, डोप सुकलेला. संगातला दिलीप म्हणे, तुये चार टाके मी इतवारी येऊन मारले, आता समोसे लागतीन.

तवाच बोलाले पायजे होतं. पन बोलली का विचारतीन, कमची कशाची, कोनाची, मंग शिवण क्लास कोनता? मी मनाले समजवत राह्यली का बांबूच तं आहे, पानावानी हलका, काय होते. कागदावर पंख तयार म्हणून सही केली.

मंगळवारी रेणुका मॅडम आल्या, विमान त्याच उडवत. पंखावर थाप मारून म्हणे, चल वनिता, तुझ्या टाक्यांवर जीव टाकून चालले, नाही आले तर माझा डबा दिलीपला. सगळे हासले. मीबी हासली. त्या हासन्याची मले आजबी लाज वाटते.

विमान वर गेलं, मी खाली उभी राहून उजवा पंख पाहत होती. दोन चकरा मारून मॅडम उतरल्या नि हेल्मेट काढता काढता म्हणे, उजवीकडं वळताना जरा अडकल्यासारखं झालं, माझाच हात असेल.

मॅडम आपल्यावर घेऊन राह्यल्या होत्या. मी म्हटलं नाई मॅडम, हात माया. नि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

थॉमससर वरडले नाई. चाकूनं कापड चिरलं, हात घालून कमची काढली. पंखाची झडप हालवनारी तार जाते, तिच्याजवळ पडली होती, धारेवर तारेनं घासलेली खूण. म्हणे, हे काय? मी म्हटलं, माया बाबाची जाळ्याची कमची. तो मासे मारते. सर म्हणे, त्याची तुला लाज वाटली, म्हणून हिला मारणार होतीस?

मॅडमनं हेल्मेट खाली ठेवलं. डबा उचलला नि गाडीत जाऊन बसल्या.

घरी बाबाले सांगितलं. ताटावर बसला होता. म्हणे, मायं जाळं फाटलं तं मासोळी सुटते बाई, तुयं फाटलं असतं तं? ताट सारलं नि उठला.

माई सही बंद झाली. वरीसभर मी पालिश कागद घासला, शेड झाडली, दुसऱ्याइच्या टाक्याले दोरा मेनवून देल्ला. सोडून नाई गेली. कोनी विचारलं तं सांगे, ढिवराची आहो, बाप तलावावर मासे मारते, गाठ त्याचीच. मॅडम शेडच्या दारातून मायं काम पाहत, बोलत नसत, नि मी तेबी कबूल केलं. त्याइले उदंड आयुष्य लाभो.

या हिवाळ्यात सराइनं उजवा पंख पुन्हा माया हाती देल्ला, सहीबी. मी शिवला, सही केली, मॅडम त्याच विमानात बसल्या, नि ते उडलं.