मजुरीचा रकाना

(सर्बियातल्या एका डोंगराळ गावातला रास्पबेरीचा मळा. तोडणी चालू आहे.)

नेनाद : ...फवारणीची वही ठीक, औषधांच्या कपाटाला कुलूप, तेही ठीक. आता कामगार. किती आहेत, मावशी?

विदोसावा : अकरा. आधी चमचाभर मुरंबा घे बघू.

नेनाद : तपासणी चालू असताना काही खाता येत नाही. मजुरी काय देता?

विदोसावा : मजुरी? अरे, मोबा आहे ही! आज सगळे माझ्या मळ्यात, परवा मी त्यांच्या. पैसे पुढे केले तर तोंडावर फेकतील.

नेनाद : फॉर्मला मोबा कळत नाही. बिनपगारी काम म्हणजे वेठबिगारी. मग ‘शाश्वत शेती’चा शिक्का नाही.

विदोसावा : वेठबिगारी! दोन्ही वेळा जेवतात, वर माझ्या हाताला नावं ठेवतात! आणि शिक्का नसेल तर कोल्ड स्टोरेजवाला एक क्रेट उतरवून घ्यायचा नाही. अख्खं पीक डुकरांना घालू?

नेनाद : जर्मनीतल्या दुकानांना शिक्का लागतो, मी तरी काय करू? एखादा आकडा टाकू का?

विदोसावा : माझ्या सहीवर खोटं? गावाला कळलं तर पुन्हा माझ्या मोबेला कुत्रं फिरकायचं नाही.

नेनाद : मग एकच वाट. घरच्यांना मजुरी लागत नाही. यातले घरचे किती?

विदोसावा : दीर, जावा, भाचरं... दहा.

नेनाद : आणि ती हिरव्या रुमालाची?

विदोसावा : स्तानिका. शेजारीण. तीन वर्षं बोलत नाही माझ्याशी.

नेनाद : तरी कामाला आली?

विदोसावा : न येऊन कसं चालेल? मोबा आहे.

स्तानिका : साहेब, तिला सांगा, मी बहिरी नाही. बांधावरचं माझं आलुबुखाराचं झाड कुणी तोडलं, तेही लिहा!

विदोसावा : साहेब, तिला सांगा, झाड वाळलं होतं.

स्तानिका : सांगा, फुललं होतं!

नेनाद : अहो, झाडाला रकाना नाही! सगळं तुमच्यापाशी अडलंय, स्तानिकामावशी. मजुरी मिळाली असं लिहिलं तर...

स्तानिका : खबरदार! मी काय हिची मोलकरीण आहे?

नेनाद : मग नापास लिहावं लागेल.

विदोसावा : लिही, पोरा. भरल्या मळ्याकडे बघून जीव तुटतोय माझा, पण तिला गळ घालू नकोस.

स्तानिका : थांबा. नातं कुठे लिहितात?

नेनाद : इथे.

स्तानिका : बहीण लिहा.

नेनाद : सख्खी?

स्तानिका : मग? परक्या बाईशी कुणी तीन वर्षं अबोला धरतं का?