प्रविणची दारू

पेण स्टँडवर रोह्याच्या एसटीची वाट बघत दोन शेजारणी माझ्यापुढे उभ्या होत्या.

“धोंडूमावशी, तुझा प्रविण मागच्या महिन्यात परत झोकांड्या खात होता.”

“दारू नाय गो ती, फरझाना. एमएस नावाचा आजार हाय त्याला. नसांवरचं आवरण खराब होतं. उन्हात पाय जास्तच लटपटतात.”

“मग पितो म्हणून गावभर कोण सांगतं?”

“मीच.”

“या अल्ला! पोटच्या पोराला?”

“भूमिकाला बघायला पाहुणे आले, तवाच हा अंगणात पडला. आजार सांगितला असता तर पाहुणे उठून गेले असते. भावाला हाय तर बहिणीलाबी असंल, म्हणाले असते. पितो म्हटलं, तर हसले. कोण पीत नाय, म्हणाले, नि सोयरीक ठरली.”

“आणि प्रविण?”

“कधी थेंब घेतला नाय त्यानं. बहिणीसाठी गप ऱ्हायला. आता इंजेक्शन चालू हायेत, उन्हात जात नाय, दमायच्या आधी बसतो. चालतोय बरा.”

“मग चांगलंच झालं की!”

“कसलं चांगलं! काल पाहुण्यांचा फोन आला. याची दारू सोडवलीत कशी, विचारतात. नवऱ्या मुलाचीपण सोडवायची हाय म्हणे.”